रॉ द्या, मग पैसे: नागपुरातल्या एका अडकलेल्या बिलाचं प्रकरण

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या एका फ्रीलान्स कॅमेरावुमनने संत्र्याची प्रतवारी, वॅक्सिंग आणि पॅकिंग करणाऱ्या एका कंपनीला साडेचार मिनिटांची फिल्म करून दिली. बिल झालं १,६०,००० रुपयांचं. त्यातले ४०,००० अ‍ॅडव्हान्सपोटी आले होते, उरलेल्या १,२०,००० साठी तिला मार्चअखेरपर्यंत ताटकळावं लागलं. मधल्या काळात कंपनीने अट घातली की शूटचं सगळं रॉ, म्हणजे न कापलेलं कच्चं फुटेज हार्ड डिस्कवर द्या, मग चेक काढतो. सगळं जसंच्या तसं द्यायला तिने नकार दिला. पैसे अडकलेले असताना दिलेला हा नकार हट्टाचा वाटू शकतो. तो हट्ट का नव्हता, आणि पैसे शेवटी कशाने सुटले, हे दोन्ही नीट मांडलं पाहिजे असं मला वाटतं, कारण नागपुरात या धंद्यात असलेल्या प्रत्येकावर अशी वेळ कधी ना कधी येते.

या फिल्मचं एडिटिंग माझ्याकडे होतं. त्यामुळे रशेस (हेच कच्चं फुटेज), मेसेज आणि बिलाचे कागद माझ्या डोळ्यांखालून गेले आहेत. तिच्या संमतीने लिहितो आहे. कंपनीचं नाव आणि शेतकऱ्याचं गाव मुद्दामच दिलेलं नाही.

हंगाम आणि कोटेशन

तुळशीचं लग्न झालं की नागपुरात लग्नसराई सुरू होते आणि डिसेंबरात विधानभवनात हिवाळी अधिवेशन भरतं. त्या वर्षी त्यात आणखी भर होती. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, २३ ला निकाल, १५ डिसेंबरला राजभवनात मंत्र्यांचा शपथविधी आणि १६ पासून अधिवेशन. चॅनलवाल्यांना रोजावर कॅमेरे हवे होते, लग्नवाल्यांना हवे होते, आणि शहरात भाड्याने चांगली लेन्स मिळायची मारामार होती. अशा दिवसांत कामं फोनवर ठरतात. एका पानाचं कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर जातं, समोरून अंगठा येतो, आणि शूटची तारीख पक्की होते.

या चार महिन्यांत जे हाती येतं त्यावर उन्हाळा काढायचा असतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की बाहेरची शूट थांबतात, उन्हात कॅमेरा तापून बंद पडतो, आणि हप्ते मात्र चालू राहतात. डिसेंबरचं बिल अडकलं की त्याचा चटका मे महिन्यात बसतो, म्हणून बाहेरून किरकोळ दिसणारी रक्कम फ्रीलान्सरला किरकोळ नसते.

तिचं कोटेशन साधं होतं. एक मुख्य फिल्म, चार ते पाच मिनिटांची. दोन छोटे व्हिडिओ. दोन दिवसांचं शूट. २५ टक्के अ‍ॅडव्हान्स, बाकी रक्कम फायनल झाल्यावर. करेक्शन किती वेळा करून मिळतील, फायनल झालं हे कोणी आणि कसं कळवायचं, रॉ कोणाकडे राहील, यातलं काहीच त्यात नव्हतं. असं कोटेशन वापरणारी ती एकटी नाही. बहुतेक जण हेच पान वर्षानुवर्षं नाव बदलून पाठवत असतात.

शूट

पहिला दिवस काटोलकडच्या एका बगीच्यात. आंबिया बहाराची तोडणी सुरू होती. बांगलादेशने आयात शुल्क वाढवल्यापासून संत्र्याची तिकडची वाट अवघड झाली आहे, आणि कंपनीला दुसरीकडच्या खरेदीदारांना दाखवायला फिल्म हवी होती. म्हणून त्यांना झाडावरचं फळ, तोडणी, शेतकऱ्याचं मनोगत आणि मग मशीन असा क्रम हवा होता.

दुसरा दिवस हिंगणा एमआयडीसीतल्या प्लांटमध्ये. तिथे कंपनीच्या मार्केटिंगच्या माणसाने वरून कारखान्याचा शॉट मागितला. तिने ड्रोन बॅगेतून काढलासुद्धा नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं, त्याहून जवळ नाही, आणि हिंगणा सोनेगावच्या विमानतळाच्या शेजारचाच भाग. बगीच्यात मात्र तिने रीतसर परवाना असलेला पायलट आणला होता. धंद्यासाठी उडवायचं तर २५० ग्रॅमवरच्या छोट्या ड्रोनलाही तो लागतो. प्लांटमधल्या बायका लाइनवरची फळं हाताने फिरवून डाग पाहत होत्या, तो शॉट फिल्ममधला सगळ्यात चांगला आहे. तो अजून स्लो करा अशी मागणी नंतर आली. ते शक्य नव्हतं, कारण छतावरचे दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/१०० सेकंदावर ठेवून सेकंदाला ५० फ्रेमपर्यंत चित्र स्वच्छ येतं. आणखी स्लो करायला जास्त फ्रेम आणि वेगवान शटर लागतं, आणि मग चित्रात पट्टे धावायला लागतात.

आता बगीच्यातल्या त्या सकाळकडे परत यायला हवं, कारण पुढचा सगळा गुंता तिथला आहे.

शेतकरी पन्नाशीचे, बोलके. त्यांच्या शर्टाला कॉलर माइक लावला होता. आजकालच्या वायरलेस माइकमध्ये ट्रान्समीटर स्वतःच आवाज साठवत राहतो. कॅमेरा थांबला तरी खिशातली ती डबी चालूच असते. वायरलेस सिग्नल तुटला तर बाइट, म्हणजे मुलाखतीतलं बोलणं, वाया जाऊ नये म्हणून ही सोय, आणि ती फार उपयोगाची आहे. बाइट संपली, बॅटरी बदलायला ती गाडीकडे वळली, आणि काका तिच्याशी सहज बोलू लागले.

“खरं सांगू का ताई, ह्यायले माल देतो तं हे वजनात कापून राह्यले. ओलं हाय म्हनते, बारीक हाय म्हनते. पन बोलन कोन? पुढच्या सालीबी ह्यायलेच द्या लागते.”

मग त्यांनी एक आकडाही सांगितला, मागच्या वर्षी किती कापलं त्याचा. गाडीशी उभं राहून, बॅटरीचं झाकण लावता लावता तिने ते ऐकलं. संध्याकाळी कार्ड आणि रेकॉर्डरच्या फाइल्स माझ्याकडे आल्या तेव्हा मीही ऐकलं.

अडकलं कुठे

फिल्म दोनदा बदलून गेली. प्रत्येक वेळी करेक्शन फोनवर आलं, आणि प्रत्येक वेळी फोन ठेवल्यावर तिने मेसेज टाकला की आत्ता बोलल्याप्रमाणे संगीत बदलते आहे, लोगो मोठा करते आहे, बाकी काही असेल तर कळवा. ही तिची जुनी सवय आहे आणि या प्रकरणात तिचा सगळ्यात मोठा आधार हीच ठरली. २० डिसेंबरला शेवटची फाइल गेली. उत्तर आलं, “मस्त झाली मॅडम, साहेबांना दाखवली.” २६ ला बिल गेलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फिल्म कंपनीच्या पेजवर दिसू लागली.

पैसे मात्र आले नाहीत. विचारलं की, “कुठं पळून चाललो का मॅडम आम्ही, होऊन जाईन,” असं ऐकू यायचं. जानेवारीच्या मध्यावर सूर बदलला. साहेबांच्या मते फिल्म अजून फायनल नाही, आणि रॉ फुटेज आमचं आहे, ते आधी पोचवा. कारण उघड होतं. रील कापून देणारा कोणी तरी स्वस्तातला मुलगा मिळाला होता आणि त्याला कच्चा माल हवा होता.

रॉ द्यायचं नाही असं आपल्या धंद्यात जवळपास सगळेच म्हणतात. कारणंही खरी आहेत. लॉगमध्ये, म्हणजे रंग नंतर चढवायच्या पद्धतीने, शूट केलेलं फुटेज राखाडी, मेल्यासारखं दिसतं. कोणी तरी ते तसंच लावतो आणि नाव आपलं खराब होतं. शिवाय त्याच रशेसमधून पुढची दहा कामं दुसरा करतो. पण रॉ कायद्याने आपलंच असतं हा समज मला धोक्याचा वाटतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की मोबदला देऊन कोणी चित्रपट करवून घेतला, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक करवून घेणारा. त्या कायद्यात चित्रपट म्हणजे फक्त थिएटरचा सिनेमा नाही, दृश्य मुद्रण तेवढं सगळं त्यात येतं. म्हणजे कोटेशनमध्ये एक ओळ नसेल तर भांडणात आपली बाजू लंगडी. मला हे तिला सांगावं लागलं तेव्हा तिचा चेहरा उतरला, पण तिने वाद घातला नाही.

ती म्हणाली, “मग फुटेज देते. काकांची फाइल नाही देणार.”

या वाक्याने माझ्या दृष्टीने प्रकरण बदललं. तोवर आम्ही हक्क आणि पैसा एवढंच बोलत होतो. आता प्रश्न असा होता की ज्या कंपनीला हा माणूस दरवर्षी माल विकतो, त्याच कंपनीच्या हातात त्याचं हे बोलणं त्याच्याच आवाजात द्यायचं का? तो कॅमेऱ्यासमोर बोलला नव्हता. बाइट संपली असं तिनेच त्याला सांगितलं होतं. त्याचं पुढचं बोलणं एका माणसाने दुसऱ्या माणसाशी केलेलं होतं, खिशातलं यंत्र चालू होतं एवढंच. आणि कंपनीत कोणी तरी ते ऐकणारच. रील शोधणारा मुलगा सगळ्या फाइल्स उघडून बघतो, तेच त्याचं काम.

फ्रेममध्ये येणाऱ्या माणसाशी आपला लेखी करार क्वचितच असतो. क्लायंट पैसे देतो, म्हणून सगळी निष्ठा त्याच्याकडे जाते. पण समोरचा माणूस माइक लावून घेतो तो आपल्या भरवशावर, क्लायंटच्या नाही. तो भरवसा बिलात धरलेला नसतो, म्हणून तो कमी महत्त्वाचा होत नाही. तिला हे कोणी शिकवलेलं नव्हतं आणि समजावूनही सांगावं लागलं नाही.

कायद्याचा धागाही इथे थोडा वेगळा आहे. कलम १७ मधल्या त्या तरतुदीत छायाचित्र, चित्र, व्यक्तिचित्र, उत्कीर्णन आणि चित्रपट यांची नावं आहेत. स्वतंत्र ध्वनिमुद्रण त्या यादीत नाही. चित्रासोबतचा आवाज चित्रपटाचा भाग धरला जातो, पण कॅमेरा बंद असताना खिशातल्या डबीने साठवलेल्या आवाजासोबत चित्रच नव्हतं. यावरून कोर्टात जायची तिची तयारी नव्हती, गरजही नव्हती. पण आपण चोरी करत नाही आहोत एवढं तिला त्याने कळलं.

पैसे कशाने सुटले

फेब्रुवारीत तिने आपला २६एएस, म्हणजे आपल्या नावावर किती टीडीएस भरला गेला ते दाखवणारं आयकर खात्याचं विवरण, उघडून पाहिला आणि तिथे उत्तर सापडलं. डिसेंबरच्या तिमाहीत कंपनीने तिच्या नावावर १,६०,००० रुपयांवर १० टक्के, म्हणजे १६,००० रुपये टीडीएस भरलेला होता. अ‍ॅडव्हान्सच्या ४०,००० वर नाही, संपूर्ण बिलावर. टीडीएस रक्कम दिल्यावर किंवा हिशेबात जमा दाखवल्यावर, यातलं जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. याचा अर्थ कंपनीच्या अकाउंट्सने बिल डिसेंबरातच खर्चात घेतलं होतं. मार्केटिंगचा माणूस फिल्म फायनल नाही म्हणत होता, आणि त्याच इमारतीतली वही ती फायनल झाली असं सांगत होती.

तिची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडची नोंद, आधीपासून होती, हे नशीब नव्हे, शहाणपण. ही नोंदणी फुकट आहे, आधारवर होते, आणि काम घेण्याआधी झालेली असली तरच त्या कामाला तिचा भक्कम उपयोग होतो. नोंदणी असली की २००६ चा सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायदा मदतीला येतो. त्याच्या कलम १५ प्रमाणे खरेदीदाराने ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, ती तारीख कितीही लांबची ठरवली तरी ४५ दिवसांच्या पुढे नाही, आणि तारीख ठरलेलीच नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत. स्वीकारलं कधी धरायचं? काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ज्या दिवशी काम मिळालं तोच स्वीकाराचा दिवस. २० डिसेंबरनंतर एकही लेखी हरकत नव्हती, उलट “मस्त झाली” होतं. कोटेशनमध्ये फायनल कोणी ठरवायचं हे नव्हतं, ती जागा कायद्याने भरून काढली.

उशिरावर व्याज लागतं, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. थकबाकी सुरू झाली तेव्हा बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणून २०.२५ टक्के. १,२०,००० वर पहिल्याच महिन्याचे २,०२५ रुपये.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिने पत्र पाठवलं. ते मार्केटिंगला नाही, थेट अकाउंट्सला आणि कंपनीच्या संचालकांना. भाषा सरळ, एक पान. सोबत उद्यमचं प्रमाणपत्र, बिल, २० डिसेंबरचा मेसेज, पेजवर लागलेल्या फिल्मचा तारखेसह स्क्रीनशॉट आणि २६एएसचं पान. त्यात एक वाक्य असं होतं की ३१ मार्चपर्यंत रक्कम मिळाली नाही तर आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) प्रमाणे हा खर्च आपल्याला या वर्षी धरता येणार नाही, याकडे लक्ष वेधते. १९६१ च्या आयकर कायद्यातलं हे कलम १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं होतं. सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चाची वजावट मिळत नाही. शिवाय ४५ दिवसांवरची अशी थकबाकी कंपनीला सहामाही विवरणात कळवावी लागते. धमकी नव्हती. थकलेल्या बिलांच्या तक्रारीसाठी सरकारच्या समाधान पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे जायचा रस्ता आहे, एवढा उल्लेख शेवटी होता.

दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या सीएचा फोन आला. तोवर त्याला या बिलाबद्दल कोणी काही सांगितलंच नव्हतं. माझा अनुभव असा आहे की अडकलेली बिलं पुष्कळदा अशीच असतात. काम देणारा आणि पैसे देणारा एकमेकांशी बोलत नाहीत, आणि आपण मात्र महिनोन्महिने काम देणाऱ्याच्याच मागे लागलेले असतो.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैसे जमा झाले. टीडीएस आधीच कापलेला होता, त्यामुळे १,०४,००० आले. व्याज तिने सोडून दिलं. मला ते पटलं नाही. व्याज हा तिचा हक्क होता, आणि सोडायचाच होता तर निदान लेखी मागून मग सोडायला हवा होता, म्हणजे पुढच्याला जाणीव राहिली असती. ती म्हणाली, हिंगण्यात दहा कंपन्या एकमेकांना ओळखतात, मला तिथेच काम करायचं आहे. नागपूर तसं लहान गाव आहे, आणि यावर माझ्याकडे पुरेसं उत्तर नव्हतं.

आणि रॉ?

पैसे आल्यावर तिने रॉ दिलं. प्लांटचं सगळं, बगीच्यातलं निवडून. हार्ड डिस्कचे पैसे वेगळे घेतले आणि फाइल्स लावून देण्याच्या कामाचेही. सेकंदाला १०० मेगाबिटच्या फुटेजला तासाला ४५ जीबी लागतात. ते कॉपी करून तपासून देणं हे एक-दोन दिवसांचं काम आहे, उपकार नाही. सोबतच्या मेलमध्ये तिने स्पष्ट लिहिलं की मुलाखतीच्या आधीचं आणि नंतरचं खासगी बोलणं यात नाही आणि ते दिलं जाणार नाही. लपवून काढून टाकण्यापेक्षा हे सांगणं मला जास्त मोलाचं वाटतं. मार्केटिंगच्या माणसाने विचारलंच, “काय बोलले होते?” ती म्हणाली, “घरचं बोलणं होतं, भाऊ.” त्याने पुन्हा विचारलं नाही.

त्याआधी तिने काकांना फोन केला होता. तुमचं ते बोलणं माझ्याकडे रेकॉर्ड झालं आहे, काय करू? पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही. मग म्हणाले, “पुसून टाका ताई. आन थो फोटो पाठवा, बैलासोबतचा.” मूळ फाइल, माझ्याकडची प्रत आणि बॅकअप डिस्कवरची प्रत, तिन्ही आम्ही एकाच दिवशी पुसल्या. फोटो गेला.

आता तिच्या कोटेशनला दुसरं पान आहे. शेवटची फाइल पाठवल्यावर सात दिवसांत लेखी करेक्शन आलं नाही तर काम फायनल. करेक्शन दोनदा, पुढचं वेगळ्या दराने. उरलेली रक्कम फायनलनंतर १५ दिवसांत. रॉ हवं असल्यास त्याचा वेगळा दर, आणि संपूर्ण रक्कम मिळाल्यावरच. आणि सगळ्यात खाली: मुलाखत देणाऱ्यांचं कॅमेऱ्याबाहेरचं बोलणं कोणालाही दिलं जाणार नाही, काम संपल्यावर ते पुसलं जाईल. दराच्या ओळींवर घासाघीस होते, ती होणारच. खालच्या ओळीवर आतापर्यंत एकाच क्लायंटने हरकत घेतली, बुटीबोरीच्या. ओळ काढा नाहीतर काम दुसऱ्याला देतो, असं त्याचं म्हणणं होतं. तिने ते काम दुसऱ्याला जाऊ दिलं.